रुखवतातले दादासाहेब

भोपळ्यात माणूस असतो, हे मला रिटायर झाल्यावर कळलं.

त्याआधी कळायला वेळच नव्हता. पीथमपूरच्या एका औषधांच्या कारखान्यात मी पॅकिंगचा सुपरवायझर होतो. देवासहून शिफ्टची बस पकडायची. जाताना डुलकी, येताना झोप! असं अर्धं आयुष्य खिडकीला डोकं टेकवून गेलं आणि एके दिवशी हार-नारळ घेऊन मी कायमचा घरी आलो. घर म्हणजे शालिनीचं. (लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घर कुणाचं हा प्रश्न आमच्यात कधी निघाला नव्हता. मी घरात असतो तर निघाला असता!) पहिल्याच आठवड्यात मी तिच्या मसाल्याच्या डब्यांना नंबर घातले. दुसऱ्या आठवड्यात तिच्या पोळ्यांची जाडी एकसारखी नाही, असं मी अगदी सौम्य शब्दांत निदर्शनास आणून दिलं.

"अहो," लाटणं खाली ठेवून शालिनी म्हणाली, "तुम्ही एखादा छंद लावून घ्या. आणि जमलं तर घराबाहेरचा!"

छंद मोबाइलमधून चालत आला. एक गोरा गृहस्थ भलामोठा लाल भोपळा मांडीशी घेऊन बसला होता. भोपळा पोकळ करून, त्याला तीन भोकं पाडून आत दिवा ठेवतात, तसलं पोरकट काम नव्हे हो! हे शिल्प होतं. त्याने वरची साल तासली आणि आतल्या जाड गरात तो नाक, गाल, ओठ, सुरकुत्या कोरत गेला. बघता बघता भोपळ्यातून एक हसरा म्हातारा बाहेर आला. असा जिवंत, की आता चहा मागेल!

"हे मला सहज जमेल," मी म्हटलं.

"तुम्हाला चहा गाळता येत नाही," शालिनी म्हणाली.

मी तडक मंडईत गेलो. आमचा नेहमीचा भाजीवाला सुरा परजून तयारच होता.

"कितना काटूँ, बाबूजी?"

"काटना नहीं है भिया. पूरा चाहिए. जरा नाकवाला देखो."

"नाकवाला?"

"हाँ, मतलब सामने से थोड़ा निकला हुआ. और गाल भरे हुए."

त्याने सुरा हळूच बाजूला ठेवला. मी एकेक भोपळा हातात घेऊन वळवून, समोरून, बाजूने न्याहाळत होतो. एकाच्या हनुवटीखाली हातसुद्धा लावून पाहिला. शेजारी भेंडी निवडत असलेल्या बाई भेंडी तिथेच टाकून पुढच्या दुकानावर गेल्या.

पहिला भोपळा डाव्या डोळ्यातच संपला. डोळा कोरता कोरता सुरी आत शिरली ती थेट बियांपर्यंत! (नंतर कळलं की यासाठी वजनदार, जाड गराचा भोपळा लागतो, मी आणला होता तो नुसताच दिसायला गुबगुबीत.) दुसऱ्याचं नाक अप्रतिम झालं होतं. ते कौतुकाने जरा चोळलं, तर अख्खंच्या अख्खं माझ्या मांडीवर पडलं. तिसऱ्याला मात्र नाक, डोळे, ओठ सगळं काही होतं. मी शालिनीला हाक मारली.

"हा कोण?" तिने विचारलं.

"आनंदी म्हातारा."

तिने बराच वेळ पाहिलं. "याच्या पोटात दुखतंय," ती म्हणाली आणि त्याला आत घेऊन गेली. संध्याकाळी त्याचे घारगे झाले.

यानंतर आमच्या घरात भोपळ्याखेरीज काही शिजेना. भाजी, भरीत, घारगे, थालीपीठ, खीर! उरलेलं शेजारच्या दुबेजींकडे जाऊ लागलं. सुरुवातीला दुबेजी "अरे वाह, कद्दू!" असं म्हणायचे. मग नुसतं "अरे" म्हणू लागले. शेवटी मी वाटी घेऊन फाटकाशी दिसलो, की आतूनच आवाज यायचा, "भाईसाब, आज हमारा उपवास है!" त्या महिन्यात दुबेजींनी इतके उपवास केले, की त्यांची शुगर नॉर्मलला आली.

अशात धारहून ताईचा फोन आला. मंगलताई माझी थोरली बहीण. लग्न होऊन धारला गेली ती तिथलीच झाली. तिच्या केतकीचं लग्न ठरलं होतं. मुलाकडची मंडळी बागलीची, जुन्या सरदार घराण्यातली. हल्ली कुणी वकील, कुणी शेती बघणारा, पण घरात बोलणं-चालणं अजून दरबारातलं. मी त्यांच्यातल्या कुणालाच पाहिलं नव्हतं, कारण साखरपुड्याच्या दिवशी मी तापाने पडलो होतो.

"बाळू, रुखवताची मला फार काळजी आहे रे," ताई म्हणाली. "ती माणसं बारीक नजरेची. आपलं काही कमी पडायला नको."

"ताई, रुखवताच्या मधोमध ठेवायला मी असं काही आणतो, की बागलीकर बघतच राहतील!"

"काय आणतोस?"

"भोपळ्याचं शिल्प."

फोन तिच्या हातून खाली पडल्याचा आवाज मला इकडे आला.

"अरे, व्याह्यांच्या पुढ्यात पहिल्याच दिवशी भोपळा ठेवायचा?" तो उचलून ताई म्हणाली. पण मामाचा हट्ट! शिवाय केतकीने फोन हिसकावून घेतला आणि माझीच बाजू घेतली. केतकीचं सगळं शिक्षण हिंदीत झालेलं. तिचं मराठी आमच्या माळव्याच्या रस्त्यांसारखं, मधेच गुळगुळीत, मधेच हिंदी. "करू दे ना गं आई! एकदम युनिक लागेल. मामा, तू बनव. मस्त बनव!"

आता माघार नव्हती. उदयनगरच्या बाजूने भोपळे घेऊन आलेल्या गाडीवरून मी असा एक दणदणीत भोपळा उचलला, की तो घरात ठेवताना पाठीतून आवाज आला. (माझ्या.) लग्नाच्या आदल्या सकाळीच कोरायला घेतला, म्हणजे ताजा राहील. कोरायचा होता तोच, हसरा म्हातारा. अमुक एक माणूस असा कोणी माझ्या मनात नव्हता. आनंदी, प्रेमळ, कुणाचेही आजोबा शोभतील असे कोणीतरी!

देठाजवळची साल इतकी टणक होती, की सोलणीची धारच गेली. म्हटलं, राहू दे, ही पगडी! मग नाक. नाक सरळ, तरतरीत काढलं होतं, पण शेंड्याचा टवका उडाला. तो लपवायला मी नाक तासत गेलो, तासत गेलो, आणि ते पोपटासारखं बाकदार झालं. एवढ्यात गॅसवाल्याने बेल वाजवली. मी दचकलो, आणि सुरी डाव्या भुवईतून आरपार गेली. ती चीर बुजेना, म्हणून जुन्या जखमेचा व्रण वाटेल अशी कडेने कोरून घेतली. ओठ हसरे काढले, तर पुढचा एक दातच निखळून पडला. उजवा कान जरा मोठा वाटला म्हणून कमी केला, तर तो डाव्यापेक्षा लहान झाला. मग मी कानांचा नाद सोडला. (तिथून पुढे गेलो असतो, तर म्हाताऱ्याला कान राहिलेच नसते.)

शालिनी येऊन उभी राहिली. "या खेपेला पोटात दुखत नाहीये," ती म्हणाली.

मला इतकी मोठी शाबासकी नोकरीतसुद्धा कधी मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. म्हातारा सुकू नये म्हणून त्याला ओला पंचा गुंडाळला आणि पुढच्या सीटवर बसवून बेल्ट लावला. शालिनी चकल्यांचे डबे घेऊन मागे बसली. बसली म्हणजे गप्प बसली. टोलनाक्यावरच्या माणसाने खिडकीतून आत पाहिलं. पंच्यातून फक्त पगडी आणि नाक दिसत होतं.

"दादाजी की तबीयत खराब है क्या?"

"नहीं नहीं, गर्मी न लगे इसलिए," मी म्हटलं.

"आराम से ले जाना," तो हळहळून म्हणाला. "उमर हो जाती है तो ऐसा ही रहता है."

धारच्या मंगल कार्यालयात ताईने रुखवताची जागा दाखवली. दोन लांब टेबलं जोडून वर जमिनीपर्यंत लोळणारं जांभळं सॅटिन अंथरलं होतं. एका बाजूला करंज्या, एका बाजूला लाडवांचा डोंगर आणि मधोमध माझा म्हातारा. मी त्याच्यावर पाणी शिंपडलं, तेलाचं बोट फिरवलं. ताई म्हणाली, "बाळू, खरंच रे, छान दिसतोय!" केतकी हळद लागलेल्या हातांनी फोटो काढून गेली. मी नवा झब्बा घालून, हात मागे बांधून, शिल्पकार उभा राहतो तसा टेबलाशेजारी उभा राहिलो.

बागलीची मंडळी आली. पान-सुपारी झाली, बायका रुखवत बघायला पुढे सरसावल्या आणि त्यांच्यातली एक जण एकाएकी किंचाळली.

"अगंबाई! दादासाहेब!"

सगळ्या मागे सरकल्या. कुणीतरी डोक्यावर पदर घेतला. गर्दीतून वाट काढत मुलाचे वडील, यशवंतराव, पुढे आले. चांगले उंचेपुरे, मिशा पिळलेले गृहस्थ. ते टेबलासमोर येऊन थांबले, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"आमचे वडील," ते म्हणाले.

ताईने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझं माहेर, सासर, आजोळ सगळं तुटलेलं मला स्पष्ट दिसलं! पोरीच्या सासऱ्याच्या स्वर्गवासी वडिलांचा भोपळा करून मी लाडू-करंज्यांत ठेवला होता. मी तोंड उघडलं, पण यशवंतराव माझ्याआधी बोलले.

"हे नाक! अगदी हेच. आणि ही भुवई बघा... घोड्यावरून पडले होते, तेव्हाची खोक!"

"आणि पुढचा दात!" मघाची बाई, म्हणजे नवऱ्या मुलाची आत्या, डोळे पुसत म्हणाली. "अडकित्त्याशिवाय सुपारी फोडायला गेले होते!"

"कानसुद्धा सोडले नाहीत हो मामासाहेबांनी! डावा मोठा, उजवा लहान!"

माझी एकेक घोडचूक बागलीकर बोट लावून ओळखत होते, आणि दर चुकीला कुणा ना कुणाला हुंदका येत होता! यशवंतरावांनी माझे दोन्ही हात हातात घेतले.

"मामासाहेब, आपण दादासाहेबांना कुठे पाहिलं होतंत?"

मी म्हणणार होतो, "कुठेच नाही." तेवढ्यात ताईने मागून असा चिमटा काढला, की डोळ्यांत पाणीच आलं.

"पाहिलं असं नाही," मी म्हटलं. "पण कोरत गेलो, तसा चेहरा आपोआप येत गेला."

(यात एक अक्षरही खोटं नव्हतं!)

माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहून तर मंडळी आणखीच विरघळली. कुणी भोपळ्याला हार घातला, कुणी उदबत्ती लावली. पोरं वाकून पाया पडायला लागली. मला खुर्ची आली, सरबत आलं. "कलेला वय नसतं," असं मी दोघांना सांगितलं. तिसऱ्याला तर मी अवजार कसं धरायचं तेही दाखवलं.

"आईसाहेबांना हे दाखवायलाच हवं!" यशवंतराव म्हणाले. आईसाहेब म्हणजे त्यांच्या मातोश्री, दादासाहेबांच्या पत्नी. त्या जानवशावर, म्हणजे वऱ्हाडाच्या उतरण्याच्या जागी, आराम करत होत्या. ऊन उतरलं की येणार होत्या. "तोवर जपा हं, मामासाहेब!"

जपायला भोपळा दगडाचा असावा लागतो. वैशाखातलं धारचं ऊन आणि वर मंडपाचे भगभगीत दिवे! जेवणाची वेळ होईतो दादासाहेबांचे गाल ओघळायला लागले आणि ओठ एका बाजूने खाली आले. मघाशी हसणारे दादासाहेब आता कर्ज काढून आल्यासारखे दिसत होते. मी त्यांना ओल्या पोत्यात गुंडाळलं आणि भटारखान्यामागच्या खोलीत, कूलरसमोर, जमिनीवर पालथं ठेवलं. तिथून जाणाऱ्या माणसाला बजावलं, "इसको कोई हाथ मत लगाना!" तो म्हणाला, "जी साब." (तो बँडवाला होता.)

पंगत बसली. मामा म्हणून मी तुपाची वाटी घेऊन फिरत होतो. यशवंतराव पुऱ्यांबरोबर भोपळ्याची भाजी अशा आवडीने खात होते, की बघणाऱ्याला भूक लागावी.

"मामासाहेब, भाजी फक्कड! अजून वाढा!" ही त्यांची तिसरी खेप होती. आत्याबाईंनीही पुन्हा घेतली. भोपळा इतका लाडका असलेलं घराणं मी प्रथमच पाहत होतो. म्हटलं, आचाऱ्याला शाबासकी देऊन यावी.

"महाराज, कद्दू बहुत बढ़िया है. कहाँ से लाए?"

"अरे भैयाजी, अपना तो कम पड़ गिया था," महाराज घाम पुसत म्हणाले. "पीछे एक बोरी में रखा था, वो ले लिया."

तुपाची वाटी माझ्या हातातून पडली नाही, एवढंच.

"पूरा?"

"पूरा कहाँ! पीछे से काटते-काटते आधा हुआ, फिर पलटाया तो..." महाराजांनी दोन्ही हात जोडले. "भैयाजी, उसमें आदमी निकला! मेरे तो हाथ-पाँव ठंडे हो गए."

खरोखरच! फडताळावर दादासाहेबांचा फक्त समोरचा मुखडा भिंतीला टेकून उभा होता, कूलरच्या गारव्याने हसू मात्र परत आलं होतं. पुढे झेंडूचं फूल, बाजूला कापूर. मागचं सगळं डोकं पंगतीत होतं.

मी धावत ताईला आणि शालिनीला गाठलं. ताई मटकन खालीच बसली. "बाळू, अरे ते त्यांच्या वडिलांना... आणि तीन-तीनदा वाढून..." शालिनी मात्र शांत होती. (दुसऱ्याच्या घोटाळ्यात तिचं डोकं फार छान चालतं, आणि माझ्यासोबत राहून तिला सराव आहे.)

"मुखडा आहे ना? मग मागचं कोण बघतंय! चला," ती म्हणाली.

पण मुखडा उभा राहीना. पाठीशी लाडू रचले, तर लाडू भुगा होऊन तो आत बसला. तांब्याला टेकवला, तर दादासाहेब छताकडे बघू लागले. एवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं आणि कुणीतरी ओरडलं, "आईसाहेब आल्या!"

ताईने माझ्याकडे पाहिलं. शालिनीने टेबलावरून लोळणारं सॅटिन वर उचललं. मी काय समजायचं ते समजलो.

दोन टेबलांच्या मधे, सॅटिनच्या दोन तुकड्यांच्या जोडावर, हात जाईल एवढी फट होती. मी खाली उकिडवा बसलो, फटीतून हात वर काढला आणि दादासाहेबांना मागून धरलं. शालिनीने हाताभोवती करंज्या रचल्या. अंधार, उकाडा आणि साठी उलटलेले माझे गुडघे! काठीचा टक टक आवाज जवळ आला आणि थांबला.

मग एक बारीक, पण ठाम आवाज आला. "सगळे जरा मागे व्हा. मला यांच्याशी बोलायचंय."

पावलं मागे सरली.

"आलात म्हणायचं नातवाच्या लग्नाला," आईसाहेब हळू म्हणाल्या. "आणि हसताय! आता हसताय. घरात कधी हसला नाहीत ते. गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्या, म्हणून किती मागे लागले, ऐकलंत माझं? विहिरीजवळचा आंबा तोडला हो यशवंताने. तुम्हाला सांगणार होते. पण सांगायचं कुणाला? नातसून चांगली आहे. मराठी नीट लिहिता येत नाही म्हणे. येईल. दुपारची माझ्याजवळ बसली, तर मी शिकवीन. मलाही कुणीतरी हवंच आहे."

टेबलाखाली मी ओठ चावून बसलो होतो. एवढं जिव्हाळ्याचं बोलणं, आणि ऐकणारा कोण, तर मी! मला फार ओशाळल्यासारखं झालं. हात खाली घ्यावा आणि पळून जावं असं वाटलं. पण हात खाली घेतला असता, तर त्यांचं माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत करंज्यांत पडलं असतं. मी घट्ट धरून राहिलो.

"मी आता सगळं यशवंतावर सोपवून स्वस्थ बसावं म्हणते. बसू ना?"

नेमक्या त्याच क्षणी लाडवाच्या भुग्यातली एक मुंगी माझ्या मनगटाला कडकडून चावली.

दादासाहेबांनी जोरात मान हलवली!

आत्याबाईंची किंकाळी, खुर्च्या पडल्याचा आवाज, कुणाचा "रामरक्षा म्हणा!" असा धावा, आणि त्या गोंधळात बँडवाल्याने काय समजून कोण जाणे, एकदम तुतारी फुंकली. मग सॅटिन काठीच्या टोकाने वर उचललं गेलं. समोर एक लहानखुरी, नऊवारीतली म्हातारी वाकून माझ्याकडे बघत होती.

"बाहेर या," त्या म्हणाल्या.

मी रांगत बाहेर आलो. डोक्यात लाडू, हातावर मुंग्या आणि हातात त्यांचे यजमान.

"आपण कोण?"

"मुलीचा मामा," मी म्हटलं. यापेक्षा लाजिरवाण्या अवस्थेत कुठल्याही मामाने आपली ओळख करून दिली नसेल!

आईसाहेबांनी मला आपादमस्तक पाहिलं. मग त्यांच्या ओठांचे कोपरे हलले.

"मान हलवली, तेव्हाच मी ओळखलं, हे आमचे नव्हेत," त्या म्हणाल्या. "उभा जन्म संसार केला, पण माझ्या बोलण्याला त्यांनी एकदासुद्धा मान हलवली नाही!"

आणि त्या हसायला लागल्या. काठीवर दोन्ही हात टेकून, खांदे गदगदवून. त्या हसताहेत म्हटल्यावर बाकीचेही भीतभीत हसले. मला मात्र हसू आलं नाही. मी सगळं सांगून टाकलं. टवका उडालेलं नाक, गॅसवाल्याची बेल, दात, कान, सगळं! ताई चिमटे काढत होती. पण आता चिमट्याला दाद देण्याच्या मी पलीकडे गेलो होतो.

"असू दे," आईसाहेब म्हणाल्या. "देवाच्या हातूनसुद्धा त्यांना घडवताना असंच काही झालं असणार. पण मामासाहेब, यांचं मागचं डोकं कुठे गेलं?"

हा प्रश्न येऊ नये म्हणून मी देवासच्या टेकडीवरच्या देवीला मघापासून नवस बोलत होतो.

"भाजीत," मी म्हटलं.

मंडपात जे जेवले होते, त्या सगळ्यांचे हात आपापल्या पोटावर गेले. यशवंतरावांच्या पिळदार मिशा थरथरल्या. ताईने डोळे मिटून घेतले. लग्न मोडणार, पोर रडणार, आणि जन्मभर "मामाच्या भोपळ्यामुळे" असं म्हणत राहणार!

आईसाहेब लेकाकडे वळल्या. "यशवंता, किती वेळा वाढून घेतलीस?"

"तीनदा," यशवंतराव मान खाली घालून म्हणाले.

"बघ! जिवंतपणी बापाजवळ पाच मिनिटं बसवत नव्हतं तुला. आणि आता तीनदा वाढून घेतलंस!" मग ताईकडे वळून त्या म्हणाल्या, "विहीणबाई, माझ्यासाठी ठेवली आहे का थोडी? यांना भोपळ्याची भाजी फार आवडायची. आणि पानात टाकलेलं तर मुळीच खपायचं नाही."

ताईने डोळे उघडले आणि ती त्यांच्या गळ्यातच पडली. महाराज स्वतः वाटी घेऊन धावत आले. (आधी त्यांनी भाजीला नमस्कार केला.) आईसाहेबांनी तिथेच, रुखवतासमोर बसून, सावकाश, चाटूनपुसून भाजी खाल्ली. मग त्यांनी मुखडा मांडीवर घेतला, त्याच्या गालावरून एकदा बोट फिरवलं आणि बाहेर बांधलेल्या गाईला आपल्या हाताने भरवला. गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. यशवंतरावांनी मला जवळ ओढून फोटो काढून घेतला. रात्रीच्या पंगतीत मात्र त्यांनी प्रत्येक भाजी ओळख पटल्याशिवाय पानात घेतली नाही.

पाऊस संपता संपता केतकीचा फोन आला. "मामा, आईसाहेबांनी तुला बोलावलंय बागलीला. कद्दूचं काम आहे. म्हणाल्या, हे मामांच्याच हातचं काम आहे, आमच्याशी नाही होणार!"

माझी छाती कशी फुगली, काय सांगू! मी नवी सोलणी घेतली, चार आकारांच्या सुऱ्या घेतल्या, चित्रकार घालतात तसला एप्रनसुद्धा शिवून घेतला. शालिनी म्हणाली, "जरा नीट विचारून तर घ्या." मी म्हटलं, "कलावंताने विचारायचं नसतं, बोलावलं की जायचं असतं!"

मी आणि शालिनी बागलीला पोहोचलो. ओसरीवर केतकी आईसाहेबांजवळ पाटी घेऊन बसली होती. मधे चटईवर, पुसून लखलखीत केलेला एक सुंदर भोपळा. मी एप्रन बांधला, सुऱ्या ओळीने मांडल्या, एक डोळा मिटून भोपळ्याचा अंदाज घेतला.

"आईसाहेब, कसा करू? समोरून की एका बाजूने?"

"मधोमध," आईसाहेब म्हणाल्या.

"मधोमध म्हणजे?"

"म्हणजे दोन तुकडे करा हो, मामासाहेब! पुरुषमाणसं सगळी देवासला गेली आहेत, आणि आमच्याकडे अख्ख्या भोपळ्यावर पहिला सुरा बाईमाणूस चालवत नाही. तेवढा एक घाव घालून द्या. पुढचं आम्ही चिरतो."

मी केतकीकडे पाहिलं. ती पाटीआड तोंड लपवून हसत होती. शालिनी तर उघडच हसत होती.

मी सगळ्यांत मोठी सुरी उचलली आणि घाव घातला. भोपळ्याचे दोन तुकडे झाले. अगदी सरळ, अगदी सारखे.

"वा!" आईसाहेब म्हणाल्या. "याला म्हणतात कला!"